तोरणमाळचे पाणी आणि जपानची आंघोळ

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण साडेअकराशे मीटर. महाबळेश्वर आणि माथेरान सर्वांच्या तोंडी असते; तोरणमाळचे नाव मात्र मुंबई-पुण्याकडील आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. पूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. दक्षिणेस तापी, उत्तरेस नर्मदा आणि मध्ये सातपुडा असा हा मुलूख. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि पावरा आदिवासींची.

दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही चार घरची माणसे, बायापोरे धरून चौदा जण, तोरणमाळला जाऊन आलो. रेल्वेने दोंडाईचा, तेथून एस.टी.ने शहादा आणि शहाद्याहून दुसरी एस.टी. शहादा ते तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता आहे. म्हसावद मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि मग सातपायरीचा घाट लागतो. गाडी एकेक वळण घेत चढते. खिडकीतून खाली पाहिले की पोरे गप्प होतात, आणि मोठी माणसे पोरांना गप्प करण्याच्या निमित्ताने स्वतःही डोळे मिटून घेतात!

वर गेल्यावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. यशवंत तलाव आहे, कमळांचा तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे, खडकी पॉईंट आहे. गोरखनाथाचे मंदिर आहे, तेथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांतून लोक येतात. तोरण नावाच्या रानफळाच्या झुडपांवरून या ठिकाणाला तोरणमाळ नाव पडले असे सांगतात. या सगळ्याची वर्णने इतरत्र वाचायला मिळतील. आम्हाला येथे सांगायचे आहे ते तोरणमाळच्या पाण्याविषयी.

एक बादली गरम पाणी

डिसेंबर तोंडावर आला की तोरणमाळची सकाळ फार गार असते. तोंडातून वाफ निघते. आम्ही उतरलो होतो तेथे मागच्या अंगणात लाकडावर पाणी तापत असे आणि माणशी एक बादली मिळत असे. पाणी तापवणारी बाई पावरा समाजाची होती. पहाटे अंधारात ती आपल्या पाड्यावरून चालत येई. चौदा माणसांच्या चौदा बादल्या झाल्यावर आमच्यातल्या एका ताईने तिला सहज विचारले, "बाई, तुमच्या घरी आंघोळीला पाणी कुठून आणता?" ती हसली आणि म्हणाली, "नाल्यावरून. या बघायला."

दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखरच गेलो. पाडा म्हणजे आपल्याकडील गावासारखी दाटीची वस्ती नव्हे. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांना मातीचा गिलावा आणि वर कौले. आम्ही अंगणात पाय ठेवताच बाज टाकली गेली आणि सर्वांत आधी पाण्याचा तांब्या पुढे आला. तुम्ही कोण, कुठले, कोणत्या समाजाचे, हे विचारण्यापूर्वी पाणी आले. आपल्या म्हाताऱ्या माणसांना ओंजळीत वरून पाणी ओतून घ्यावे लागत होते. ज्यांनी ते दिवस पाहिले किंवा आईबापांकडून ऐकले, त्यांना या तांब्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मग बाई आम्हाला नाल्यावर घेऊन गेली. सातपुड्याचा खडक काळा आणि कठीण. पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून पाणी वाहून जाते, खडकात फारसे मुरत नाही. पावसाळ्यात धबधबे कोसळतात आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायकांना दरी उतरावी लागते. नाल्याच्या वाळूत लोकांनी हातभर खोल खड्डा केलेला असतो. त्याला झिरा म्हणतात. बाईने वाटीने झिऱ्यातले जुने पाणी काढून बाजूला टाकले आणि ती वाट पाहत बसली. हळूहळू वाळूतून नितळ पाणी पाझरले. मग वाटी वाटी करून हंडा भरला. एक हंडा भरायला किती वेळ लागला म्हणता? आमच्या पोरांचा पकडापकडीचा खेळ खेळून झाला, तरी हंडा गळ्यापर्यंत आला नव्हता.

तेथे आम्ही एक गोष्ट नीट पाहिली. सर्वांत वर पिण्याच्या पाण्याचा झिरा. त्याच्या खाली थोड्या अंतरावर आंघोळीची आणि कपडे धुण्याची जागा. त्याच्याही खाली गुरे पाणी पितात. वरच्या अंगाला कोणी पाय धुवायचा नाही, साबण लावायचा नाही. लहान पोरांनाही हे ठाऊक आहे. आमचा एक मुलगा झिऱ्याजवळ हात धुवायला वाकला, तेव्हा त्याच्याहून लहान पावरा मुलीने त्याचा हात धरून त्याला खालच्या अंगाला नेले. ती एक शब्दही बोलली नाही.

वरचे पाणी आणि खालचे पाणी ही भाषा आपल्या लोकांना नवी नाही. आपल्याही गावांत नदीला वरचा पाणवठा आणि खालचा पाणवठा होता. पण तेथे वरचे पाणी वरच्या जातीचे आणि खालचे पाणी आपले असा हिशेब होता. आम्ही पाहिलेल्या त्या नाल्यावर वर काय आणि खाली काय, हे कामावरून ठरते. पिणे वर, धुणे खाली. झिऱ्यावर कोणी वाकायचे यावर बंधन नाही. तेथे काय करायचे नाही एवढेच बंधन आहे. या दोन रीतींमधला फरक प्रत्येक आईबापाने मुलांना समजावून सांगावा असा आहे.

शेकोटीवर ऐकलेली जपानची हकीकत

त्या रात्री शेकोटीभोवती पाण्याच्याच गोष्टी निघाल्या. आमच्यासोबत एक वडीलधारे उपासक होते. ते एका गटाबरोबर जपानला जाऊन आलेले. जपानमध्ये कोयासान नावाचा डोंगर आहे. इ.स. ८१६ मध्ये कूकाई या आचार्यांनी तेथे विहार स्थापन केला. आज त्या डोंगरावर शंभराहून अधिक मंदिरे आहेत. तेथील कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसवला गेला. तो पाहायला हे उपासक गेले होते आणि तेथल्या एका मंदिराच्या धर्मशाळेत राहिले होते. अशा धर्मशाळेला तेथे शुकुबो म्हणतात. डोंगरमाथा, गार हवा आणि लाकडाचा वास अगदी असाच होता, असे ते म्हणाले. मग त्यांनी तेथल्या आंघोळीची गोष्ट सांगितली.

दारातच चपला काढायच्या. खोलीत चटयांची जमीन, तीवर अनवाणी वावरायचे. आंघोळीला जाताना युकाता नावाचा सुती झगा घालायचा. त्याचा डावा पदर उजव्यावर घ्यायचा. उजवा पदर वर आला तर तो मेलेल्या माणसाचा पेहराव ठरतो. आंघोळ संध्याकाळी, आणि सर्वांची एकाच न्हाणीघरात. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. आत जाताना अंगावर कपडा ठेवायचा नाही. आपल्या माणसाला हे ऐकूनच लाज वाटते. बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि दादांनाही पहिल्या दिवशी दारातून परत फिरावेसे वाटले होते म्हणे!

पण पुढची रीत ऐकण्यासारखी आहे. आत भिंतीजवळ नळ आणि बुटकी स्टुले मांडलेली असतात. स्टुलावर बसायचे, साबण लावून अंग घासून धुवायचे, साबणाचा थेंबही अंगावर राहणार नाही असे पाणी घ्यायचे आणि स्टूल धुऊन जागेवर ठेवायचे. मगच गरम पाण्याच्या मोठ्या हौदात उतरायचे. हौदात साबण नाही, अंग चोळणे नाही. टॉवेलही पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा. केस लांब असतील तर वर बांधायचे. पाणी चाळीस-बेचाळीस अंश गरम. गळ्यापर्यंत त्यात गप्प बसून राहायचे.

आमच्यातल्या एका पोराने विचारले, "बाहेरच धुऊन स्वच्छ झालो, तर मग हौदात कशाला बसायचं?"

दादा म्हणाले, "मळ काढायला नाही बाळा, थकवा काढायला."

घरीही तीच पद्धत आहे. एकदा टाकी भरली की घरातली सगळी माणसे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. पाहुणा असेल तर पुष्कळदा पहिला मान त्याचा. प्रत्येक जण बाहेर स्वच्छ धुऊनच आत उतरतो, म्हणून शेवटच्या माणसालाही पाणी चांगले मिळते. पूर्वी शहरांतल्या कामगार वस्त्यांत घरोघरी न्हाणी नसे. लोक दिवसभराचे काम संपवून सेंतो नावाच्या सार्वजनिक स्नानगृहात जात. १९६८ च्या सुमारास जपानभर अशी सुमारे १८,००० स्नानगृहे होती. पुढे घरोघरी न्हाण्या झाल्या आणि आता ती संख्या दोन हजारांच्याही खाली आली आहे. आपल्याकडे चाळीच्या नळावर जशा ओळखी होत, लग्ने जुळत आणि भांडणेही होत, तसे त्यांचे सेंतोमध्ये होई.

तथागतांच्या काळातले न्हाणीघर

ही रीत ऐकून विनयपिटकाची आठवण झाली. वैशालीत वैद्य जीवकाच्या सांगण्यावरून तथागतांनी भिक्खूंना चंक्रमणाची आणि जंताघराची, म्हणजे गरम वाफेच्या न्हाणीघराची, अनुज्ञा दिली असे त्यात आहे. त्या न्हाणीघराचे नियमही दिले आहेत. ज्येष्ठ भिक्खूंच्या जागेत घुसून बसू नये. नव्या भिक्खूंना बसायच्या जागेवरून हटवू नये. जो शेवटी बाहेर पडेल त्याने चिखल झाला असेल तर जंताघर धुवावे, अंगाला लावायच्या मातीचे भांडे धुवावे, बसायची पीठे जागेवर ठेवावीत, आग विझवावी, दार लावावे आणि मग जावे. दोन हजार वर्षांहून जुने हे नियम आजच्या कोणत्याही चाळीच्या सार्वजनिक मोरीवर लिहून लावावेत असे आहेत.

जपानमध्येही सार्वजनिक स्नानाची सुरुवात बौद्ध विहारांतून झाली. विहारातल्या न्हाणीघरात गोरगरिबांना आणि आजाऱ्यांना आंघोळ घालणे हे दान मानले जाई. आठव्या शतकातील सम्राज्ञी कोम्यो हिची एक दंतकथा तेथे सांगतात. एक हजार लोकांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालण्याचा तिने संकल्प केला. हजारावा माणूस कुष्ठरोगी निघाला. तिने त्यालाही न्हाऊ घातले, आणि तो साक्षात बुद्ध होता, अशी ती कथा. कथा खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहेच. तीच शिकवण समुद्रापार गेली.

तेथेही पाण्यावर पहारे होते

मात्र जपानमध्ये सगळे गोड होते असे कोणी समजू नये. कातडे कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे यांना तेथेही अस्पृश्य मानत. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. १८७१ मध्ये सरकारने कायद्याने हा भेद संपवला. तरी सार्वजनिक स्नानगृहांत त्यांना मज्जाव केल्याच्या घटना पुढेही घडत राहिल्या. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो शहरात त्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिचे नाव सुइहेइशा. या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचे अर्थ पाणी आणि सपाट असे आहेत. पाण्याची पातळी जशी सर्वत्र सारखी, तसा समाज व्हावा. त्यानंतर पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

अलीकडच्या गोष्टीही आहेत. ओतारू शहरात एका स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्या लोकांना बंदी केली. जपानचे नागरिकत्व घेतलेल्या एका गृहस्थालाही केवळ चेहऱ्यावरून आत सोडले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने हा वांशिक भेदभाव ठरवून तीन फिर्यादींना प्रत्येकी दहा लाख येन भरपाई देवविली. २००३ मध्ये कुमामोतो भागात गरम पाण्याच्या झऱ्यावरील एका हॉटेलने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांना जागा नाकारली. कोम्योची कथा सांगणाऱ्या देशात हे घडले. गोंदणाचीही अडचण आहे. तेथे अंगभर गोंदण गुंडांच्या टोळ्यांचे लक्षण मानले गेले, म्हणून अनेक स्नानगृहांत गोंदलेल्यांना प्रवेश नसतो. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी समाजाच्या एका स्त्रीला चेहऱ्यावरील परंपरागत गोंदणामुळे परत पाठवले गेले.

हे ऐकून आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजीने आपला हिरव्या गोंदणाचा हात शेकोटीच्या उजेडात पुढे केला. "म्हणजे मला बी नाही घेणार व्हय?" सगळे हसले. पण त्या हशात थोडी कळही होती. दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या बाईने तिचा तो हात हातात घेतला, आपल्या कपाळावरच्या आणि हातावरच्या गोंदणाशी ताडून पाहिला, आणि दोघी बराच वेळ एकमेकींची नक्षी बघत बसल्या.

आंघोळ आणि स्वाभिमान

याच खानदेशात आंघोळ ही चळवळीची गोष्ट झाली होती, हे आपल्याला फारसे कोणी सांगत नाही. १९२२-२३ मध्ये गुजरातच्या सीमेवरील आदिवासींमध्ये देवीची चळवळ पसरली. दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, घरदार स्वच्छ ठेवा, दारूचे गुत्ते चालवणाऱ्यांकडे कामाला जाऊ नका, असे देवीच्या तोंडून आदेश येत. पुढे १९३० नंतरच्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज यांनी भिल्लांना दारू सोडायला, रोज स्नान करायला आणि एकमेकांना 'आप' म्हणून मानाने हाक मारायला शिकवले. सावकार आणि दारूवाले यांना या आंघोळीची भीती वाटली, कारण अंग धुऊन ताठ उभा राहिलेला माणूस पूर्वीसारखा वाकत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहण्याचा, नेसणे-वागणे बदलण्याचा उपदेश केला, तोही याच कारणासाठी.

पण आंघोळीला पाणी लागते आणि आडोसा लागतो. पाड्यावरच्या बाईने घरामागे चार बांबू रोवून तट्ट्याचा आडोसा केला होता. त्यात एक सपाट दगड. ती तो आम्हाला मोठ्या अभिमानाने दाखवत होती. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. तेथे फडाच्या कडेला पालात राहताना एवढा दगडही नशिबी नसतो. बायका पहाटे अंधारात, नेसत्या लुगड्यानिशी अंगावर पाणी घेतात. आपल्याही झोपडपट्ट्यांत आणि वीटभट्ट्यांवर हेच चालते. पोरीबाळींना आडोशाची न्हाणी मिळणे ही चैन नव्हे, तो हक्क आहे. आपल्या वस्तीत समाजमंदिर बांधताना आधी न्हाणी आणि संडासाची जागा पक्की करावी, असे आम्हाला वाटते.

जाणाऱ्यांसाठी

यशवंत तलावाकाठी आम्हाला शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे आणि प्लास्टिकचे पेले पडलेले दिसले. आपल्यासारखेच शहरातून आलेले लोक हे टाकून जातात. ज्या समाजाला तळ्यावर जाण्यासाठी मार खावा लागला, त्या समाजाने तरी तळ्याच्या काठी साबण चोळत बसू नये. आमच्या पोरांनी परतीच्या दिवशी सकाळी दोन पिशव्या कचरा गोळा केला आणि तो शहाद्याला आणून टाकला.

बंधू-भगिनींनो, तोरणमाळला जरूर जा. पावसाळ्यात धुके आणि धबधबे असतात, पण घाट जपून पार करावा लागतो. दिवाळी ते जानेवारी हवा उत्तम. गरम कपडे, बॅटरी आणि औषधे जवळ ठेवा. महाशिवरात्रीला गर्दी असते, मुक्कामाची सोय आधी करा. पाड्यावर गेलात तर न विचारता फोटो काढू नका, बायकांच्या आंघोळीच्या जागेकडे फिरकू नका, आणि पुढे केलेला पाण्याचा तांब्या नाकारू नका. परतताना धडगावकडचे आमचूर विकत घ्या. कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून ते करतात, आणि तेवढेच चार पैसे त्या घरात जातात. आंघोळीला मिळेल त्या एका बादलीत भागवा. ती बादली भरायला वाळूतून पाणी किती हळू पाझरते, ते नाल्यावर जाऊन मुलांना एकदा दाखवा.